रिबनबाईंचं रिकामं खोकं

भेटवस्तूंच्या दुकानात जिन्याखालच्या टेबलाशी बसून ज्या बाई खोक्यांना कागद लावतात, त्यांना सगळे रिबनबाई म्हणतात. त्यांचे यजमानसुद्धा. यजमान निवृत्त घड्याळजी. घरातलं एकही घड्याळ धड चालत नाही, पण त्यांच्या जिभेला कधी किल्ली द्यावी लागत नाही.

बाईंची कामाची पद्धत ठरलेली. खोकं उघडायचं, आतली किमतीची चिठ्ठी काढून टेबलाखालच्या डब्यात टाकायची, मग कागद, मग रिबन. "माणसाला भेट द्यावी, बिल कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

स्वतःच्या नाताळासाठी त्या जानेवारीपासून एका पाकिटात थोडे थोडे पैसे टाकतात. पाकिटात असेल तेवढाच नाताळ. मुलगा मात्र उलट्या काळजाचा नव्हे, उलट्या हिशोबाचा. दूरच्या शहरात फ्रिज दुरुस्त करतो. तीन वर्षांपूर्वी आला तो बापाला ओव्हरकोट आणि आईला मिक्सर घेऊन, सगळं हप्त्यांवर. ते फेडता फेडता दोन नाताळ गेले, तो आलाच नाही. फोनवर म्हणायचा, "रिकाम्या हाताने कसा येऊ गं?" बाई "बरं" म्हणायच्या, फोन ठेवायच्या आणि मिक्सर पुसायला घ्यायच्या. वापरायच्या नाहीत. नुसत्या पुसायच्या.

यंदा त्यांनी दुकानातून एक रिकामं खोकं मागून आणलं. तीन कागद फाडल्यावर चौथ्यावर जमलं: 'आत काही नाही. तूही असाच ये.' चिठ्ठी खोक्यात ठेवून दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसून त्यांनी ते सजवलं आणि पोस्टात टाकलं.

"टपालखर्च करून हवा पाठवणारी बायको मिळाली," यजमान म्हणाले, "भाग्यच माझं!"

पाचव्या दिवशी ऐन गर्दीत मुलाचा फोन.

"आई, तुला फसवलं गं! खोकं रिकामं निघालं. पावती आहे ना? मी बोलतो मालकाशी."

"अरे, चिठ्ठी वाच की!"

"कसली चिठ्ठी?"

बाईंनी डबा ओढला. किमतींच्या ढिगात त्यांचंच अक्षर होतं. हाताने सवयीनं आपलं काम चोख केलं होतं!

आता तोंडाने बोलणं आलं, तेही रांगेतल्या गिऱ्हाइकांसमोर.

"रिकामंच पाठवलंय. मुद्दाम. तूही तसाच ये."

पलीकडून आलं, "बाबा चिडवतील."

"दोन वर्षं टपून बसलेत. घरात चिडवायला माणूस नको?"

"गाडीभाडं..."

"पाकिटात आहे. यंदा कुणाला काही घेतलं नाही."

"बघतो," तो म्हणाला.

आता 'बघतो' हा शब्द त्याला बापाकडून मिळालेला. बाप 'बघतो' म्हणून ज्या घड्याळाला हात लावतो, त्याचं पुढे काय होतं ते भिंतीवर दिसतंच. त्यामुळे नक्की कुणालाच काही माहीत नाही. दुकानाच्या दाराची घंटी वाजली की बाई मान वर करतात, आणि सध्या त्यांच्या रिबनी जरा तिरक्या बसतायत.

यजमानांनी मात्र काल स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवून खरंच चालू केलं. बाईंनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही गं. गाडीची वेळ कळलेली बरी."