डोक्यातलं ऐकणारे चाचा

कानवाले चाचा समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. मान खाली, डावा कान पुढे. बुलडाण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात तंत्रज्ञ म्हणून सगळी हयात गेली, पण माणूस ओळखायचे ते कानाने. बसस्टँडवर कुणी "सलाम चाचा, वळखलं का?" म्हणत आडवा आला, की शांतपणे सांगत, "चेहऱ्याचं मले काही सांगू नोको. खाटेवर झोप, डोये मिट, मंग वळखतो." समोरचा हसायचा, पण अर्धंच.

मी तेव्हा काचबिंदूची मोहीम चालवत होते, म्हणजे पत्रकं वाटत होते आणि भांडत होते. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने जग खात येतो आणि माणसाला कळतं तेव्हा नळीतून बघावं एवढंच उरलेलं असतं. डोळ्याचा दाब वाढला की हा रोग, असं जो तो सांगतो. मग ज्यांचा दाब नॉर्मल असूनही नजर जाते, त्यांचं काय? "तुम्हाला काही नाही" म्हणून घरी पाठवतात त्यांना! याच चिडीने मी चाचांच्या खोलीत शिरले होते.

चाचांनी मला भांडू दिलं, मग म्हणाले, "बेटी, डोयाच्या मांगं एक भिंत हाये, पातळ. इकून डोयाचा दाब, तिकून मेंदूचा. तिकडचा कमी पडला त इकडचा नॉर्मल दाबबी तिले ढकलते. आन सारे मोजते इकडूनच!" मेंदूचा दाब मोजायचा तर पाठीत सुई घालावी लागते, एवढंच मला माहीत होतं. संशोधनासाठी आलेल्या त्यांच्या यंत्राला सुई नव्हती. मिटल्या पापणीवर हवेची मऊ गादी टेकायची आणि ती हळूहळू दाबत न्यायची. डोळ्यामागची रक्ताची नस कवटीच्या आत एकदा ऐकायची, बाहेर एकदा. दोन्हीकडचे ठोके सारखे झाले की गादीचा त्या वेळचा दाब तोच मेंदूचा दाब.

पण त्या आवाजाची गोष्ट वेगळी. पडदे ओढलेली खोली, निपचित पडलेला माणूस, आणि स्पीकरमधून हूश्श... हूश्श... त्याच्याच डोक्याच्या आतून. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जायचं. चाचा स्वतःही डोळे मिटत. ते म्हणत, "दोन डोस्क्यांचा आवाज सारखा नसते. काई डोस्के त रिकाम्या घरावानी वाजते."

चाचांना छापील शब्दांचा भरवसा नव्हता. देऊळघाटच्या शिबिरासाठी मी पत्रक काढलं. वर ठसठशीत ओळ: 'या यंत्रापासून डोक्यातलं काहीही लपत नाही!' मला ती फार आवडली होती. चाचांनी पत्रक नाकाशी धरून वाचलं आणि विचारलं, "हे कोनासाठी लिवलं? लोकायसाठी का तुह्यासाठी?" मी ऐकलं नाही. तोवर गठ्ठे वाटूनही झाले होते.

देऊळघाट हे चाचांचंच गाव. तिथे शाळेच्या खोलीत यंत्र मांडलं. माणसं एकेक करून आत येत, देवाच्या गाभाऱ्यात यावं तशी. आकडे छान येत होते. मेंदूचा दाब पुरेसा, म्हणजे भिंतीला मागून आधार, म्हणजे धोका कमी. मी खूश. चाचांचा चेहरा मात्र उतरत चालला होता. दुपारी त्यांनी यंत्र बंद केलं. "हे आवाज जितेपनाचे नाई. ठोका येते, दम येत नाई. मेल्यावानी पडून राह्यले सारे."

बाहेर आंब्याखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी गाठलं. "काऊन गा, खाटेवर दम काऊन धरला होता?"

म्हाताऱ्याने खिशातून माझं पत्रक काढलं. "यात लिवलं न, डोस्क्यातलं लपत नाई म्हनून! पोराच्या सासऱ्याले म्या मनात लय शिव्या देल्ल्या हायेत. भाईर आल्या असत्या त?"

दम रोखला की मेंदूचा दाब चढतो. विचार बाहेर फुटू नयेत म्हणून गावाने श्वास धरला होता, आणि आम्ही खोटे आकडे टिपत होतो.

चाचांनी सगळ्यात आधी रुख्माबाईला परत बोलावलं. बाजारात भाजी विकणारी बाई. उजवा डोळा गेलेला, डावा कडेने विझत चाललेला, आणि डोळ्याचा दाब दर वेळी नॉर्मल. मेंदूचा दाब खरोखर कमी असेल, तर डोळ्याचा दाब थेंबांनी आणखी खाली आणायचा होता. नाहीतर तो डोळाही जाणार होता. ती पुन्हा झोपली आणि पुन्हा श्वास धरला.

"बाई, दम घे. काय लपवून राह्यली?"

ती पुटपुटली, "मालक हायेत आत. मेल्यापासून आतच राह्यते, बोलते माह्यासंग. तुमच्या मशीननं ऐकलं त काहाडून नेतीन."

चाचांनी आवाज वाढवला. कान स्पीकरला लावून किती तरी वेळ बसले. आवाज तोच होता, पण चाचा ऐकत होते ते एखाद्या बोलणाऱ्याचं ऐकावं तसं, मधूनमधून मान हलवत. मग हलकेच म्हणाले, "ते म्हनून राह्यले, रुख्मे, दम सोड. मी कुठी जात नाई."

तिने श्वास सोडला. स्पीकरमधला आवाज खोल गेला, विहिरीत उतरावा तसा, आणि आकडा पडला. बराच खाली.

ती गेल्यावर मी उसळलेच. "चाचा, आजारी बाईशी खोटं बोललात तुम्ही!"

"तू लिवलं ते खरं होतं का?" ते वायर गुंडाळत होते. मग म्हणाले, "आन मी खोटं बोललो, हे कोनं सांगतलं तुले?"

संशोधनाचे मोठे डॉक्टर म्हणाले, नियमाप्रमाणे पहिलाच आकडा धरायचा. चाचा त्यांच्या टेबलापुढे उभे राहिले ते बसलेच नाहीत, रुख्माबाईची चिठ्ठी बदलून घेईपर्यंत. तिचे थेंब वाढले. तिचा डावा डोळा जिथे होता तिथे थांबला. बाकीच्यांना पुन्हा तपासायच्या आत यंत्र परत गेलं. देऊळघाटात किती तरी घरांत तो चांगला आकडा आजही कागदावर आहे, आणि आत कडा विझत असतील. हे माझ्या एका ओळीचं काम. मी आता दारोदार जाते, "तुमचा आकडा खोटा आहे, बुलडाण्याला चला, नजरेच्या कडा तपासून घ्या" म्हणून हात जोडते. काहीजण ऐकतात.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. तिसऱ्या दिवशी खबर द्यायला मी रुख्माबाईकडे गेले, तेव्हा ती ओट्यावर बसून डोळ्यात थेंब घालत होती. डोळा मिटून ती तशीच राहिली.

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "परवापासून आत दोघं झाले. मालक बोलते, चाचा ऐकते."

अंधश्रद्धेवरही मी पत्रक काढलेलं आहे. पिशवीत होतं. ते मी बाहेर काढलं नाही. तिने डोळा उघडेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले, आणि ती श्वास घेतेय ना, तेवढं बघत राहिले.