मुदत पुरी होईपर्यंत

झुंबर दोंदे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा विभागात लागले तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. निवृत्त झाले तोवर मुलगी स्नेहा लग्न होऊन पुण्याला गेली होती. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी कुणाकडे हात पसरला नाही. पगार झाला की आधी पोस्टात आणि बँकेत टाकायचे, राहिलेल्यात शकुबाईंनी घर चालवायचं. दामदुप्पट देणाऱ्या योजना घेऊन लोक घरी यायचे, चहा पिऊन रिकाम्या हाताने परत जायचे. त्या योजना पुढे बुडाल्या, लोक रडले. दोंदे बचावले.

ही सवय त्यांना वडिलांच्या मरणाने लावली होती. वडील सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात खोकत पडलेले, आणि बाहेरून आणायच्या इंजेक्शनसाठी झुंबर नातेवाइकांच्या दारात उभे. कुणी अर्धे दिले, कुणी कडी लावून घेतली. इंजेक्शन घेऊन ते परत आले तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. आपल्या घरात आजारपण आलं तर पैशासाठी अडायचं नाही, एवढं त्यांनी त्या दिवशी ठरवलं.

जेल रोडला फ्लॅट घेतला तोही हिशेबाने. तळमजला महाग होता. तिसरा मजला बराच स्वस्त मिळत होता, कारण इमारतीला लिफ्ट नव्हती. "पायऱ्या चढल्यानं तब्येत चांगली राहते," दोंदे म्हणाले. शकुबाई हसल्या. त्या वेळी त्या बुद्धपौर्णिमेला पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढायच्या.

दोंद्यांच्या निवृत्तीच्या सुमारास शकुबाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. आधी कठड्याला धरून चढायच्या, मग प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, मग दोंद्यांनीच बाजार आणायला सुरुवात केली. डॉक्टरांनी एक्स-रे काढले आणि सांगितलं की दोन्ही गुडघे बदलावे लागतील. खर्च सांगितला. निवृत्तीचे पैसे दोंद्यांनी नुकतेच तीन वर्षांच्या ठेवीत टाकले होते. मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळणार होतं.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर दोंद्यांनी रिक्षा बोलावली. रिक्षात शकुबाईच म्हणाल्या, "राहू द्या आत्ता. काढीन मी दोन-तीन वर्षं. लय काही दुखत नाय."

"तसं नको. तुला त्रास होत असेल तर मोडू ठेव."

"कशाला मोडता? पुरी झाली की करू."

दोंद्यांना हलकं वाटलं. हे हलकं वाटणं त्यांना पुढे कायम आठवत राहिलं. मोडू म्हणताना आपला आवाज कसा होता, हेही आठवलं. तीस वर्षं संसार केलेल्या बाईला तो आवाज ओळखू आला नसेल, असं त्यांना वाटत नव्हतं.

दुखायला लागलं की शकुबाई कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी मागवायच्या. स्वस्त होती आणि गुण द्यायची. आधी कधीमधी, मग रोज एक, मग सकाळ-संध्याकाळ. दोंदेच आणून द्यायचे. एकदम जास्त पाकिटं घेतली तर दुकानदार थोडं कमी लावायचा, म्हणून जास्त आणायचे.

तिसऱ्या वर्षी शकुबाईंच्या पायांवर सूज आली, अन्नावरची वासना गेली. गुडघ्यामुळे असेल म्हणून पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेले. या वेळी डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि रिपोर्ट बघून विचारलं, "गोळ्या किती दिवस घेताय?"

शकुबाईंनी सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. किडन्या गेल्या होत्या. सगळा दोष गोळ्यांचाच असं नाही, रक्तदाबही होता, असं ते नवे डॉक्टर म्हणाले. पण गोळ्यांनी घाई केली. गुडघ्यांचं ऑपरेशन आता होणार नव्हतं. स्नेहा पुण्याहून धावत आली आणि माझी किडनी घ्या म्हणाली. डॉक्टरांनी आईचं हृदय तपासलं आणि नकारार्थी मान हलवली; ते एवढं ऑपरेशन सोसणार नव्हतं.

"पैशाचं बघू नका, साहेब," दोंदे म्हणाले. "पैसे आहेत."

"पैशाचा प्रश्नच नाही, काका."

आणि खरंच नव्हता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं, तेही सरकारी योजनेत बसलं. महिनाभराने बँकेची ठेव पुरी झाली. व्याजासकट सगळी रक्कम खात्यात येऊन पडली, ठरल्याप्रमाणे, एक रुपया कमी नाही. फोनवर आलेल्या बँकेच्या संदेशाकडे दोंदे डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसून बघत राहिले.

शकुबाईंना तीन मजले उतरवणं-चढवणं हेच मोठं काम होऊन बसलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सोसायटीतली दोन पोरं न्यायची. शकुबाई डोळे मिटून घ्यायच्या. पडण्याची भीती होती आणि लोक बघतात याची लाजही होती. दोंद्यांनी सामनगाव रोडला तळमजल्यावरचं घर शोधलं. मागे तुळस लावण्यापुरती जागा, दाराशी रिक्षा येईल असा रस्ता. आनंदाने घरी येऊन सांगितलं.

"मला नाही जायचं," शकुबाई म्हणाल्या.

"अगं, पोरांनी खुर्चीतून उचलून न्यायला नको. दारात खुर्ची टाकून बसशील, बायका येतील बोलायला."

"तेव्हा घेतलं असतं तर बसले असते. आता काय बोलू बायकांशी? इथं गॅलरीत निदान वारा लागतो." मग थोड्या वेळाने, "रागावू नका. नवीन घर लावायची ताकद नाय राहिली माझ्यात."

दोंद्यांनी त्या घरमालकाला फोन करून नको म्हणून सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी पोरं डायलिसिसला न्यायला खुर्ची घेऊन आली तेव्हा शकुबाईंनी त्यांना परत पाठवलं. दोंदे विनवण्या करत राहिले. स्नेहा फोनवर रडली. शकुबाई ऐकत होत्या आणि सगळ्यांना एकच उत्तर देत होत्या, "आता पुरे." त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. धाप लागायची, रात्रंदिवस बसून काढायच्या. शेवटी शेवटी त्या दोंद्यांना ओळखेनाशा झाल्या आणि कधी दादा, कधी डॉक्टर म्हणायला लागल्या.

शकुबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर वीज केंद्रातला किशोर भेटायला आला. तो दोंद्यांच्या हाताखाली होता, आणि दोंदे सांगतील तिथेच पैसे टाकायचा. जयभीम करून बसला. मग बोलण्यातून बोलणं निघालं तेव्हा बायकोबद्दल म्हणाला, "रोशनीलाही पित्ताशयात खडे निघालेत. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात."

"मग?"

"मार्चनंतर करू म्हटलं. आरडी पुरी होते तेव्हा. कशाला मोडायची मध्येच? तुम्हीच सांगायचात ना."

"मोड ती," दोंदे म्हणाले. "उद्याच मोड, किशोर."

किशोर जरा गोंधळला. मग त्याच्या चेहऱ्यावर दया आली. बायको गेलेला माणूस असंच बोलणार, असं त्याला वाटलेलं स्पष्ट दिसत होतं.

"तिला रोज नाही दुखत, भाऊ. अधूनमधून कळ येते. ती स्वतःच म्हणते, थांबू म्हणून."

"ती म्हणते ते ऐकू नकोस."

"बघतो," किशोर म्हणाला आणि उठला. दोंद्यांनी त्याचा हात धरला. आयुष्यभर याच माणसाला त्यांनी पटवून पटवून थांबायला शिकवलं होतं, आणि ते त्याला नीट पटलं होतं. किशोरने हळूच हात सोडवून घेतला, तब्येतीला जपा म्हणाला, चपला घातल्या आणि उतरायला लागला. दोंदे दारात उभे राहिले. त्याचे पाय दुसऱ्या मजल्यावर, मग पहिल्यावर वाजले, आणि मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.