कोऱ्या कॅशमधली ओळख

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, दिसतं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा... असा मी माणूस. त्यामुळे हे लिहायलाही अवघड वाटतंय.

मी रिसोडला घरूनच एका क्लाउड कंपनीचं काम करतो. लॉगिन तपासणारी आमची सर्व्हिस फार हळू चालायची, म्हणून तिला तात्पुरत्या साठवणीची कॅश जोडायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे एकदा माणसाची ओळख पटली की ती दहा मिनिटं लक्षात ठेवायची, दरवेळी डेटाबेसला विचारत बसायचं नाही. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर सोयाबीनच्या गाड्यांचा गोंगाट. कॅश नवी कोरी, अजून कशालाच जोडलेली नव्हती. सहज आत पाहिलं तर — एक नोंद! बत्तीस अक्षरी युजर आयडी. डेटाबेसमध्ये शोधला, तर असा कुणी युजरच नाही.

नोंद पुसली. पाच मिनिटांत परत तीच. आयडी वहीत उतरवून घेतला.

त्या सर्व्हरला हात लावू शकणारे दोघंच — मी आणि आसेगावचा मंगेश, कॉलेजपासूनचा मित्र आणि आता याच टीममधला. त्याला फोन लावला.

"काहून गंमत करून राह्यला बे?"

"कायची गंमत? आईले घेऊन दवाखान्यात बसलो मी. सकाळपासून लॅपटॉप नाही उघडला."

मला पटलं नाही. मी मॅनेजरला मेल टाकला. संध्याकाळपर्यंत मंगेशचा अॅक्सेस गेला, त्याला दुसऱ्या टीममध्ये टाकलं. तो भांडला नाही. फक्त माझे फोन उचलणं बंद केलं.

तीन आठवड्यांनी टीममध्ये एक मुलगी नवीन आली. तिचं अकाउंट मीच बनवलं. आयडी सिस्टम स्वतःच तयार करते, आपण ठरवू शकत नाही. तो ओळखीचा वाटला. वही काढली... बत्तीसच्या बत्तीस अक्षरं तीच. ती नोंद दिसली त्या दिवशी या मुलीचा इंटरव्ह्यूही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आसेगाव गाठलं. मंगेशसमोर वही ठेवली, नव्या मुलीच्या आयडीचं सांगितलं.

"माहं चुकलं, मंगेश. मले वाटलं तूच..."

त्यानं वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"मी नोहतो, हे तुले पटलं. बरं झालं. पन तिथं आपन दोघंच होतो ना? मंग आता मी कोनावर संशय घेऊ, सांग."

मंगेश आता बोलतो, चहाही पाजतो. पण मी त्याच्या घरात शिरलो की तो आधी लॅपटॉप मिटतो.