मंगळवारचा फोन
खोबरेल तेलाचा वास आला की कोथरूडच्या घरातला तो मंगळवार आठवतो. यांना मधुमेह, म्हणून मुलाने फोनवरची नर्स लावून दिली होती. तिच्या दर मंगळवारच्या फोनसाठी हे इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. माझ्या सांगण्याने कधी न सुटलेली चहातली साखर तिच्या एका शब्दाने सुटली, ते मला फार लागलं होतं. त्या दिवशी स्पीकरवर तिने विचारलं, "काका, तळपाय रोज बघता ना?" "रोज, मॅडम! ठणठणीत आहेत." यांना तर वाकताही येत नव्हतं. तेल चोळताना मीच बघायचे, आणि सकाळीच टाचेला फोड दिसला होता. बघू तिला फोनवरून किती दिसतं, म्हणून मी गप्प बसले. मग भीती वाटली आणि फोन ओढला. "खोटं बोलतायत हो, फोड आलाय." "काकू, यापुढे तुम्हीच बोलत जा," ती म्हणाली. अजून मीच बोलते. नंतर हे विचारतात, "माझी चौकशी केली का तिने?" केलेली असते, तरी मी नाही म्हणते.