अक्का मिसची मराठी

वर्गात गोंगाट वाढला की आम्ही बाकीच्या शिक्षिका आवाज चढवायचो. अक्का मिस आवाज उतरवायच्या. इतका, की त्या काय म्हणताहेत ते ऐकायला पहिलीतली पोरं आपोआप गप्प व्हायची. मग त्या हसून म्हणायच्या, "अत्ता ऐकूं येतंय नं? मग ओरडायचं कशास?"

हे त्या मला म्हणायच्या; मुलांशी तमिळ आणि इंग्रजी. वेळचेरीतल्या त्या शाळेत मी त्यांच्या वर्गावर मदतनीस शिक्षिका होते. मी सांगलीची, नवऱ्याच्या गिंडीतल्या नोकरीमुळे चेन्नईत आलेली. त्या तंजावरकडच्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, सूर तमिळ. 'मला'ऐवजी 'मज', 'हवं'ऐवजी 'होणा'. पहिल्या भेटीत माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "तुमचं बोलणं सिनेमांतल्यासारखं अहे. आमचं मात्र स्वैपाकघरांतलं."

मुलांच्या हातात त्या लवकर पेन्सिल देत नसत. कोलम, म्हणजे दारातली रांगोळी, काढायचं तांदळाचं पीठ फरशीवर पसरायचं आणि त्यात बोटानं अक्षर गिरवायचं. चुकलं तर तळव्यानं पुसायचं. दुपारपर्यंत वर्गभर पांढरी पोरं! पालक कोऱ्या वह्या घेऊन तक्रारीला येत. त्या ऐकून घेत आणि ते गेल्यावर मला म्हणत, "पैलें हात शिकूं दे. डोकं मागून येईल. घाई कोणास होणा?"

त्या जूनमध्ये ईरा आली. आईवडील पुण्याहून नुकतेच आलेले, दोघंही सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरीला. मुलीला मराठीखेरीज काही येत नव्हतं. पाठीवरचं दप्तरही न काढता ती दाराशी उभी राहायची. मी बोलले तरी मान खाली. एक दिवस तिनं उभ्याउभ्याच चड्डी ओली केली. मुलं हसली. अक्का मिसनी त्यांना दटावलं नाही. ईराला बाहेर नेऊन धुतलं, कोरडे कपडे घातले आणि मांडीवर घेऊन म्हणाल्या, "रडूं नको गे. मी अहें की एथें. काय होणा तुज?"

ईरानं वर पाहिलं. "तू असं का बोलतेस?"

"मझी आई असंच बोलते."

त्या उत्तरानं तिचं समाधान झालं असावं. दप्तर उतरलं. अक्का मिसनी तिचं बोट धरून पिठात एक उभी रेघ ओढली. इंग्रजीतला 'आय'; तिचं नाव त्याच अक्षरानं सुरू होत होतं. "एक रेघ, झालं तुझं अक्षर!" शाळा सुटेपर्यंत ईरा रेघाच ओढत होती. जाताना तिनं पांढरं बोट माझ्या नाकाशी आणून दाखवलं.

दोनेक महिन्यांत ती वर्गात सगळ्यांच्या पुढे बडबडायला लागली, तीही अक्का मिसच्या मराठीत. मग एके दिवशी तिची आई मुख्याध्यापिकांकडे आली. अक्का मिसना बोलावलं होतं, आणि मराठीतला अर्थ सांगायला मला. आईची तक्रार होती, मुलगी घरी 'मज दूध होणा' म्हणते, व्हिडिओ कॉलवर पुण्याची आजी आणि भावंडं खो खो हसली. "तुम्हीच सांगा, ही मराठी आहे का?"

"आहे. आपल्यापेक्षा जुनी आहे," मी म्हटलं.

"असेल हो. पण माझी मुलगी अशुद्ध बोलायला लागलीय."

अक्का मिस इतका वेळ उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "अशुद्ध म्हंजे?"

"म्हणजे चुकीचं," आईनं गोड आवाजात समजावलं. "तुमचा दोष नाही त्यात."

वर्गात यापुढे फक्त इंग्रजी, असं मुख्याध्यापिकांनी तिथेच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ईरा त्यांच्याकडे धावत गेली. "मिस, मज पाणी होणा."

"से, मे आय ड्रिंक वॉटर," अक्का मिस म्हणाल्या.

ईरा पाणी न पिताच जागेवर जाऊन बसली. पुढे ते वाक्य ती शिकली. सगळंच शिकली. वर्षअखेरीला तिच्या आईनं शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. अक्का मिसनी पेढा घेतला, "थँक यू" म्हणाल्या. त्यांनी माझ्याशीही मराठी बोलणं बंद केलं होतं. मी पुष्कळदा मुद्दाम विषय काढला. दरवेळी एकच उत्तर, "नो नो, युवर मराठी इज करेक्ट." त्याच उन्हाळ्यात गुडघ्यांचं कारण देऊन त्यांनी शाळा सोडली.

परवा त्यांना फोन केला. मराठीतूनच विचारलं, "कशा आहात?" त्या इंग्रजीत म्हणाल्या, बरी आहे मॅम, जेवण झालं का तुमचं? मग सांगितलं, गेल्या महिन्यात आई गेली. मुलगा तमिळच बोलतो, सून तमिळ. "नाऊ विथ हूम टु स्पीक, मॅम?"

"माझ्याशी बोला की," मी म्हटलं.



"सॉरी मॅम," त्या म्हणाल्या. "आय विल मेक मिस्टेक्स."