लढाईवर गेलेले बैल

पेंड भिजत घातली की तिच्या आंबूस वासाने मला ठाण्याचं आमचं जुनं अंगण आठवतं. इंग्रज सरकारची समुद्रापलीकडच्या हबशांच्या राजाशी लढाई लागली, तेव्हा काका आमचे दोन्ही बैल घेऊन फौजेबरोबर बोटीने गेले आणि एकटेच परतले. म्हशीची पेंड कालवता कालवता आईने विचारलं, “भावजी, मुलूख घेतला का?” “नाही वहिनी, सोडून आलो.” “मग लढलात कशाला?” “राजाने गोरी माणसं कोंडली होती, ती सोडवली.” “आणि आपले बैल?” “ते तिथंच राहिले.” आईने पेंडीचे हात झटकले. “मग त्यांना सोडवायला कोण फौज धाडतंय?” काल सरकारी शिपाई माझे बैल बघून गेला, म्हणे, फौजेला हवेत. या खेपेला कोणता राजा, ते मी विचारलंच नाही.