घासलेली नखी

न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या रायफल रेंजवर दर रविवारी माझ्या शेजारी एक आजोबा असायचे. दोन वर्षांत मी त्यांचं नाव विचारलं नाही. ‘किया ओरा’ या माओरी नमस्कारावर आमचं भागायचं. सशांच्या शिकारीची त्यांची जुनी रायफल खरं तर पुढची गोळी आपोआप भरणारी. पण नळी बदलून आणल्यापासून प्रत्येक गोळी झाडल्यावर रिकामं काडतूस आतच अडकायचं. आजोबा चाकूच्या टोकाने ते हलकेच काढायचे, शर्टाच्या खिशात टाकायचे आणि पुन्हा नेम धरायचे.

मी पुण्याचा इंजिनिअर. दुसऱ्याचं मशीन अडलेलं मला बघवत नाही. एकदा मी रायफल मागून घेतली आणि दोष लगेच सापडला. काडतूस ओढून काढणारी बारीकशी नखी जुन्या नळीच्या मापाने कानशीने घासलेली होती, नव्या नळीच्या खाचेत ती बसत नव्हती. घरी येऊन मी नवी नखी मागवली.

पुढच्या रविवारी मोठ्या ऐटीत म्हणालो, “आजोबा, नुसती नखी बदला. दहा मिनिटांचं काम!”

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “बायको गेली, मग वर्षभर मी या रायफलला हात लावला नाही. नळी गंजली, ती बदलावीच लागली. पण ही नखी तिने घासलीय. किचनच्या टेबलावर बसून, चहा गार होईपर्यंत.”

त्यांनी चाकू उघडला आणि अडकलेलं काडतूस अलगद बाहेर काढलं.

नवी नखी माझ्या मुठीत होती. खिशातला हात मी बाहेर काढलाच नाही.